गोष्टीमागचं घर

१९६९ साली पेरू देशात ‘सिंपलमेंते मारिया’ नावाची टीव्ही मालिका सुरू झाली. अँडीजच्या डोंगरातून लिमा शहरात घरकामाला आलेली एक मुलगी, एवढंच तिचं बीज. मारिया दिवसभर मालकांकडे राबते, रात्री लिहायला-वाचायला शिकते, शिलाई मशीन चालवायला शिकते आणि होता होता कपड्यांच्या धंद्यात मोठं नाव कमावते. तिला अक्षरओळख करून देणारे एस्तेबान मास्तर वर्षानुवर्षं तिच्यावर जीव लावून बसलेले. अखेर दोघांचं लग्न ठरलं आणि त्या प्रसंगाचं चित्रीकरण लिमातल्या एका खऱ्या चर्चमध्ये झालं, तेव्हा बाहेर हजारो माणसं लोटली. ठेवणीतले कपडे घालून आली होती, हातात आहेर होते. लग्न खोटं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं असं मानण्याचं कारण नाही. आपल्याकडे ‘रामायण’ लागायच्या आधी टीव्हीला हार घालणाऱ्या आजीलाही आत बसलेला माणूस नट आहे हे चांगलं ठाऊक होतं.

मारियाच्या मालिकेने पेरूत आणि जिथे जिथे ती दाखवली गेली त्या लॅटिन अमेरिकी देशांत एक वेगळीच गोष्ट घडवली. शिलाई मशीनचा खप वाढला. शिवणवर्गांत आणि प्रौढ साक्षरतेच्या वर्गांत मोलकरणींची गर्दी झाली. मालिकेच्या लेखिकेने ‘शिका’ असा उपदेश कुठेच केला नव्हता. तिला रडवणारी, रंगवणारी गोष्ट सांगायची होती आणि शिलाई मशीनच्या कंपनीला मशिनी विकायच्या होत्या. शिकणं त्या दोन्हींच्या मधून, कोणी न बोलावता आलं.

मेक्सिकोतल्या मिगेल साबिदो या नाट्यदिग्दर्शकाने हे पाहिलं आणि विचार केला की जे चुकून घडलं ते ठरवून का घडवू नये? तो ‘तेलेविसा’ या बड्या वाहिनीत होता. अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाचा सिद्धांत त्याने वाचला होता: माणूस बक्षीस किंवा शिक्षा स्वतः भोगूनच शिकतो असं नाही, दुसऱ्याला मिळालेलं बक्षीस आणि झालेली शिक्षा पाहूनही शिकतो. त्यावरून साबिदोने मालिकेचं एक गणित मांडलं. काही पात्रं चांगल्या वाटेवरची, काही वाईट वाटेवरची, आणि खरी महत्त्वाची ती मधली. डळमळणारी, चुकणारी, दहा वेळा मागे फिरून अकराव्यांदा पुढे पाऊल टाकणारी. प्रेक्षक स्वतःला त्या मधल्या पात्रात शोधतो. १९७५-७६ मध्ये आलेली त्याची ‘वेन कोनमीगो’ प्रौढ साक्षरतेवर होती. एका भागात, वाचायला शिकण्याच्या पुस्तिका अमुक ठिकाणी फुकट मिळतील असं सांगितलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी मेक्सिको सिटीच्या मध्यभागी माणसांचा असा लोंढा आला की वाहतूक तासन् तास तुंबली. पुढची ‘अकोंपान्यामे’ कुटुंबनियोजनावर होती. तिच्या काळात सरकारी कुटुंबनियोजन केंद्रांतली वर्दळ वाढल्याची नोंद आहे. अर्थात त्याच काळात मेक्सिकन सरकारनेही लोकसंख्येचं धोरण बदललं होतं, केंद्रं वाढवली होती. त्यामुळे सगळं श्रेय मालिकेच्या पदरात घालणाऱ्यांकडे जरा सावधपणेच पाहावं.

साबिदोला आंतरराष्ट्रीय परिषदांत मान मिळाला. पण मराठी माणसाला त्यात नवं ते काय वाटणार? सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा तसाच उचलला होता. ढोलकी तीच, सोंगाड्या तोच, प्रेक्षकाला खेचून आणणारी रात्र तीच. आत मात्र सावकाराचं व्याज, लग्नातली उधळपट्टी, पोथीच्या नावावरची लूट आणि शाळेचं महत्त्व. १९३० च्या दशकात नाशिकच्या भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे उभे केले, तेव्हा ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत चळवळ या ढोलकीतूनच पोचली. कुठल्या सिद्धांताचा आधार न घेता या मंडळींनी एक गोष्ट अचूक ओळखली होती. माणूस करमणुकीला येतो तेव्हा त्याचा पहारा सैल असतो.

आता दिल्ली. माहिती आणि नभोवाणी खातं सांभाळलेले वसंत साठे (वर्ध्याचे खासदार, रंगीत दूरदर्शनसाठी हट्ट धरलेले) मेक्सिकोत जाऊन हा प्रयोग पाहून आले आणि तसं काही इथेही व्हावं असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यातून ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली. लेखक मनोहर श्याम जोशी, दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव. बसेसर राम नावाचा दारुडा बाप, राबून झिजलेली आई भागवंती, आजी-आजोबा, बडकी, मझली, छुटकी, लल्लू आणि नन्हे. पन्नाशी ओलांडलेल्या मराठी वाचकाला या नावांसोबत भागाच्या शेवटी येणारे अशोककुमारही आठवतील. हसतमुख चेहऱ्याने ते त्या दिवसाच्या प्रसंगाचं तात्पर्य सांगत, प्रेक्षकांना प्रश्न विचारत. दीडशेहून थोडे अधिक भाग झाले, प्रेक्षक पाच कोटींच्या घरात गेले, आणि पत्रं आली ती लाखांनी.

पण आधी मालिका जवळजवळ पडली होती. पहिल्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा डोस इतका कडक होता की लोक कंटाळले. दूरदर्शनवर ‘दोन किंवा तीन पुरे’ ऐकून कान आधीच किटलेले, त्यात पात्रांनीही तेच बोलावं! मग जोशींनी तो विषय मागे सारला आणि घरातली भांडणं, हुंड्याच्या बोलण्या, मझलीचं सिनेमाचं वेड, नन्हेचं क्रिकेट पुढे आणलं. मालिका चालायला लागली. म्हणजे ज्या कामासाठी ती जन्माला घातली ते काम बाजूला ठेवल्यावर ती जगली.

याहून मोठी गंमत भागवंतीची. सोसणारी, नवऱ्याच्या शिव्या खाणारी ही बाई म्हणजे काय होऊ नये याचा नमुना, या हिशोबाने ती रचली होती. पुढे अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांच्यासारख्या संशोधकांनी प्रेक्षकांकडे चौकशी केली, तेव्हा बऱ्याच जणांना हीच बाई आदर्श वाटली होती. त्यांत स्त्रियाही होत्या. स्वावलंबी बडकीला टाळ्या मिळाल्या, नाही असं नाही. पण भागवंतीकडे पाहून ‘हिच्यासारखं सोसायचं नाही’ म्हणण्याऐवजी ‘हिच्यासारखं सोसावं’ म्हणणारं घरही भारतातच होतं आणि ते लहान नव्हतं. अशोककुमारांनी कितीही समजावलं तरी प्रेक्षकाने आपलं तात्पर्य आपणच काढलं.

आणि तिसरी बाब. ‘हम लोग’ला पैसा पुरवला तो मॅगी नूडल्सने. शेवया-उपम्याच्या देशात दोन मिनिटांत होणारा हा पदार्थ नवा होता. मालिकेने तो घराघरांत नेला आणि दूरदर्शनला कळलं की मालिकेच्या पाठीवर जाहिरातदार बसू शकतो. कुटुंब लहान करायला निघालेल्या मालिकेने भारताला काय दिलं असं विचारलं, तर प्रामाणिक उत्तर असं की तिने प्रायोजित मालिका दिली. ‘बुनियाद’, ‘रामायण’ आणि पुढचं सगळं त्याच दारातून आत आलं. साठ्यांना हे अपेक्षित नसावं.

शिकवायला निघालेल्या मालिका अगदीच फुकट जातात असंही नाही. १९९६-९७ मध्ये आकाशवाणीच्या हिंदी केंद्रांवरून ‘तिनका तिनका सुख’ ही श्राव्य मालिका लागत होती. हुंड्यापायी जीव देणाऱ्या मुलीची कथा तीत होती. ती ऐकून उत्तर प्रदेशातल्या लुतसान गावाने आकाशवाणीला एक मोठं भित्तिपत्रच धाडलं: आम्ही हुंडा देणार नाही, घेणार नाही. खाली १८४ सह्या आणि अंगठे. अभ्यासक गावात गेले तेव्हा त्यांना चित्र इतकं सरळ दिसलं नाही. मुलींच्या शाळेबद्दल, लग्नाच्या वयाबद्दल बोलणं सुरू झालं होतं, काही बदल दिसतही होते, पण हुंडा काही गावातून उठून गेला नव्हता. एकत्र बसून ऐकणं आणि ऐकल्यावर एकमेकांत बोलणं, हे मात्र तिथे घडलं होतं. आपल्याकडे मुंबई दूरदर्शनच्या ‘ज्ञानदीप’ने तेच केलं. आकाशानंदांच्या या कार्यक्रमामागे गावोगावी ज्ञानदीप मंडळं उभी राहिली. गोष्ट पडद्यावर संपते आणि ओसरीवर सुरू होते, असा तो काळ. टीव्ही वाड्यात किंवा चाळीत एकच होता, हेही त्याचं एक कारण.

मारिया सोडली तर आतापर्यंतची उदाहरणं शिकवू पाहणाऱ्यांची. ब्राझीलचं उदाहरण याच्या अगदी उलट आहे आणि मला ते सगळ्यांत बोलकं वाटतं. तिथल्या ‘रेदे ग्लोबो’ या वाहिनीने १९६० च्या दशकापासून रोज रात्री मालिकांचा रतीब घातला. त्यात लोकसंख्या नव्हती, उपदेश नव्हता. प्रेम होतं, कट होते, वारसाहक्काची भांडणं होती. याच काळात ब्राझीलचा जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, १९६० च्या ६.३ वरून २००० मध्ये २.३ वर आला. तेही सरकारने कुटुंबनियोजनाची मोठी मोहीम न चालवता. एलियाना ला फेरारा, आल्बर्तो चाँग आणि सुझान दुरिया या तीन अर्थतज्ज्ञांनी हिशोब मांडला. ग्लोबोचं प्रक्षेपण कुठल्या भागात कोणत्या वर्षी पोचलं आणि तिथे जन्म कधी कमी झाले, याची सांगड घातली. जिथे ग्लोबो पोचलं तिथे जन्म कमी झाले. गरीब घरांतल्या बायकांत हा फरक अधिक दिसला. कारण काय? या मालिकांतल्या पन्नाशीच्या आतल्या प्रमुख स्त्रीपात्रांपैकी ७२ टक्क्यांना मूलच नव्हतं आणि २१ टक्क्यांना एकच होतं. कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. लेखकांनी तसं ठरवूनही केलं नसेल. सहा मुलांची आई प्रेमाच्या त्रिकोणात बसवायची म्हटलं तर पटकथेची किती अडचण! त्या सोयीपायी पडद्यावरची घरं लहान राहिली, आणि तशीच लहान घरं सुखी, श्रीमंत, हवीहवीशी घरं म्हणून वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर राहिली. लोकांनी पात्रांची नावं मुलांना ठेवली, याचीही नोंद त्या अभ्यासात आहे.

मला वाटतं या साऱ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. मालिका जे सांगते त्याच्याशी प्रेक्षक वाद घालतो, त्यावर हसतो, त्याचा उलटा अर्थ लावतो. जे ती सांगत नाही, नुसतं मागे मांडून ठेवते, त्याच्याशी वाद घालायचं त्याला सुचत नाही. मारियाची शिलाई मशीन, ब्राझीलच्या नायिकेचा रिकामा पाळणा, बडकीच्या भागाआधी झळकणारी मॅगी. गोष्ट पुढे चाललेली असते आणि घडवते ती मागची खोली.

हाच धागा आपल्याकडे केबल आली तेव्हा दिसला. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी २००१ ते २००३ या काळात तमिळनाडू, बिहार, हरियाणा, दिल्ली आणि गोवा या भागांतल्या खेड्यांची माहिती तपासली. ज्या गावात त्या काळात केबल नव्याने आली तिथे, नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला, बाहेर जायला किंवा पैसे खर्चायला परवानगी लागत नाही असं सांगणाऱ्या वाढल्या. आता त्या वर्षांत केबलवर काय लागत होतं ते आठवा. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ जुलै २००० मध्ये सुरू झाली होती. ज्या मालिकांना आपण सगळ्यांनी (मीही, जेवताना पाहत पाहत) बाईला शंभर वर्षं मागे नेणाऱ्या म्हणून झोडपलं, त्या बिहारच्या खेड्यातल्या बाईला काय दाखवत होत्या? सासू कट करते, सून रडते, हे तिला नवं नव्हतं. नवं हे होतं की या बायका मोठ्याने बोलतात, गाडीत बसून एकट्या बाहेर जातात, घरातले पुरुष त्यांच्या तोंडाकडे पाहत निर्णयाची वाट बघतात. मुंबईतल्या समीक्षकाला जे मागासलेलं दिसलं, ते पाटण्यापलीकडच्या ओसरीवरून पुढारलेलं दिसलं. दोघांचंही खरं होतं.

मग मराठी मालिकांच्या मागच्या खोलीत काय आहे? १९९७ मध्ये दूरदर्शनवर आलेली ‘दामिनी’ ही पहिली दैनंदिन मराठी मालिका. तिची नायिका पत्रकार होती, आणि तिचं ऑफिस हे घराइतकंच गोष्टीचं ठिकाण होतं. १९९९ मध्ये अल्फा मराठीवर ‘आभाळमाया’ आली, तिची सुधाही नोकरी करणारी. त्यानंतर ऑफिस हळूहळू आटत गेलं आणि हॉल वाढत गेला. या हॉलबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे, भाग हातात राहिले पाहिजेत म्हणून एपिसोडची बँक करायची, बाहेरचं चित्रीकरण महाग आणि वेळखाऊ. मग घोडबंदर रोडला किंवा मढला एक बंगला भाड्याने घ्यायचा, नाहीतर फिल्मसिटीत सेट लावायचा, आणि जे काही व्हायचं ते तिथेच. दहा पात्रं एका चौकटीत उभी करायची तर हॉल मोठा हवा. हॉल मोठा तर घर श्रीमंत. सगळ्यांनी भांडणाच्या वेळी घरात हजर असायला हवं, म्हणून नोकरीला जाणारी माणसं कमी. जे आहेत त्यांचा ‘बिझनेस’ असतो. कसला ते विचारू नये. हा पडदा कुणी प्रतिगामी विचारवंताने विणलेला नाही, त्याच्यामागे बरंचसं भाड्याचं आणि वेळापत्रकाचं गणित आहे. पण दीड-दोन खोल्यांत राहणाऱ्या लाखो घरांपुढे वीस वर्षं रोज संध्याकाळी तोच हॉल मांडला गेला, की लग्नाच्या मुलाकडे ‘स्वतःचं घर किती मोठं’ हा प्रश्न येताना त्या हॉलचं माप घेऊन येतो.

वस्तूंचं तर विचारूच नका. २०१३ साली ‘होणार सून मी ह्या घरची’ सुरू झाली आणि तिच्यातल्या जान्हवीचं लांबलचक मंगळसूत्र अर्ध्या महाराष्ट्राच्या गळ्यात आलं. सराफांनी काचेत मांडलं, खोट्या दागिन्यांच्या दुकानांत ते तिच्या नावानेच मिळू लागलं. ‘तुझ्यात जीव रंगला’मुळे कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात मालिकेतला वाडा बघायला माणसं येऊ लागली. तिच्यातल्या राणादाची रांगडी कोल्हापुरी बोली आणि ‘माझ्या नवऱ्याची बायको’तल्या राधिकेची वऱ्हाडी ढंगाची भाषा प्राइम टाइमला आली. हा मला मोठा फरक वाटतो. पुणेरी नसलेली बोली नोकराच्या किंवा विनोदी पाहुण्याच्या तोंडीच घालायची, ही सवय तिथे थोडी मोडली. पण बोली आली आणि बोलणाऱ्याची जात, जमीन, कर्ज मात्र उंबऱ्याबाहेर राहिलं. आडनावं पाहा. किती नायक-नायिकांची आडनावं महार, मातंग, धनगर, वडार, पारधी घरांतली असतात? मालिका याबद्दल वाईट काहीच बोलत नाही. ती बोलतच नाही.

पुढे आणून मांडलेला विचार इथे कसा तरतो-बुडतो त्याचंही उदाहरण आहे. २०१२ मध्ये ‘उंच माझा झोका’मधून रमाबाई रानडे घराघरांत पोचल्या, लोकांनी प्रेमाने पाहिलं. २०२० मध्ये सोनी मराठीवर जोतीराव-सावित्रीबाईंवरची ‘सावित्रीजोती’ आली आणि वर्षाच्या आतच प्रेक्षकसंख्येअभावी बंद पडली. यावर बरीच हळहळ झाली, वादही झाले. रानड्यांच्या वाड्यातला सुधारणेचा झगडा आपल्याला घरगुती गोष्ट म्हणून पाहवतो आणि फुल्यांचा झगडा तसा पाहवत नाही, असं मी म्हणेन. कुणी म्हणेल, पटकथेचा आणि वेळेचा प्रश्न होता. असेलही. पण काही हजार घरांतल्या मीटरांवरून ठरणाऱ्या टीआरपीला अशा शक्यतांची चौकशी करायला सवड नसते. दर गुरुवारी आकडा येतो आणि लेखकाला ट्रॅक बदलायचा निरोप जातो.

‘आई कुठे काय करते’ मात्र चालली, २०१९ पासून थेट २०२४ पर्यंत. मूळ बंगाली मालिकेवरून घेतलेली ही कथा. पन्नाशीकडे झुकलेली गृहिणी, नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण, घटस्फोट, गाणं आणि पुढे दुसरं लग्न. मुलं मोठी झालेल्या बाईने पुन्हा लग्न करावं हे रोज रात्री साडेसातच्या सुमाराला सासू-सुनेने एकत्र बसून पाहिलं. नाकं मुरडली, पण पाहिलं. इथे पुन्हा मागे मांडलेलं पाहायचं तर, घटस्फोटानंतर वकील, कोर्ट, पोटगी, भाड्याचं घर शोधताना येणारे नकार यांच्या वाट्याला फारसे भाग आले नाहीत. सुटका दिसली. सुटकेला लागणारा खर्च फारसा दिसला नाही.

याच्या उलट काम सिनेमाने एकदा केलं. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त जब्या आणि त्याच्या घरचे मेलेलं डुक्कर बांबूला लटकवून नेतात, आणि मागच्या शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज आणि गाडगेबाबा रंगवलेले आहेत. कुणी एक शब्द बोलत नाही. मागच्या भिंतीचं सामर्थ्य काय असतं ते ओळखून ती वापरणारा दिग्दर्शक मराठीत विरळा. त्याचाच ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला आला आणि मराठी सिनेमाने शंभर कोटींची रेषा पहिल्यांदा ओलांडली. लोक ‘झिंगाट’वर थिएटरात नाचले आणि शेवट पाहून गप्प बाहेर आले. त्याने समाज बदलला का? त्यानंतरही महाराष्ट्रात प्रेमापायी पोरापोरींचे जीव घेतले गेले. काहींनी सिनेमालाच दोष दिला, पोरींना बिघडवलं म्हणून. पण त्यातल्या आर्चीची बुलेट आणि तिचं बोलणं पोरींनी उचललं. शिकवण म्हणून नव्हे, मागे उभ्या असलेल्या गाडीसारखंच.

आता मालिकेसमोर बसणारी पिढी पन्नाशीपुढची होत चालली आहे. तिची नातवंडं मोबाइलवर आहेत, आणि तिथे एक वेगळीच मागची खोली उघडली आहे. साताऱ्याकडच्या मंडळींनी यूट्यूबवर ‘गावाकडच्या गोष्टी’ केली तेव्हा तीत हॉल नव्हता. पार होता, विहीर होती, दुचाकी होती, पत्र्याचं छप्पर होतं. नंतर हजारो रील करणाऱ्यांनी स्वतःचंच स्वयंपाकघर दाखवायला सुरुवात केली. सोलापूरच्या चुलीवरची भाकरी, कोकणातली गळकी पडवी, ऊसतोडीच्या कोपीतला संसार. इतकी खरी मराठी घरं आजवर कुठल्याच पडद्यावर आली नव्हती. पण थोडे प्रेक्षक वाढले की त्याच खोलीत कंपनीने धाडलेला मसाल्याचा पुडा, वजन कमी करणारी पावडर, उसनवारीचं ॲप येऊन बसतं, आणि भिंतीला नवा रंग लागतो. पुढे बसून कोण काय सांगतंय यापेक्षा मला अलीकडे त्या भिंतीवरच्या मांडणीचीच उत्सुकता जास्त असते. रंग लावायला पैसे कुणी दिले, हे मात्र व्हिडिओच्या खाली क्वचितच लिहिलेलं असतं.